पेढीवरील गादी व पाठीतील गादी

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी हाडे व सांधे यांच्या विकारांविषयी काही लिहावे अशी सूचना केली, तेव्हा हा विषय एखाद्या डॉक्टरांकडे सोपवावा असे मी प्रथम सुचविले. त्यावर एक सदस्य म्हणाले, "शेठजी, डॉक्टर औषध सांगतील, पण पोते किती जड असते ते आपणच सांगू शकाल." हे बोलणे मला पटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे. वैद्यकाचा माझा अधिकार नाही. परंतु बुऱ्हाणपुरात चाळीस वर्षांहून अधिक काळ पोती भरली जाताना, उचलली जाताना व थप्पीला लागताना मी पाहत आलो आहे. आणि त्या पोत्यांखाली माणसांचे काय होते तेही पाहत आलो आहे. वाचन थोडेफार आहे, डॉक्टर मंडळींचा सहवासही लाभला आहे. त्या आधारावर हे लिहीत आहे.

मराठीत मणक्यांच्या विकाराला लोकांनी मोठे समर्पक नाव दिले आहे. कमरेत उसण भरून पायापर्यंत कळ गेली की "गादी सरकली" असे म्हणतात. गादी हा शब्द आपणा व्यापाऱ्यांच्या नित्य परिचयाचा. पेढीवर जशी गादी, तशीच पाठीच्या कण्यातही आहे. कण्यात एकूण तेहेतीस मणके. त्यांपैकी खालचे नऊ जुळून गेलेले, वरचे चोवीस सुटे. सुट्या मणक्यांच्या दरम्यान या गाद्या असतात. मानेचे वरचे दोन मणके मात्र गादीवाचून एकमेकांवर फिरतात. प्रत्येक गादीच्या बाहेर चिवट तंतूंचे वेष्टन आणि आत मऊ, ओलसर गर. गंमत अशी की मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. वरच्या-खालच्या मणक्यांतून जे काही पाझरते त्यावर तिचे पोषण चालते. दिवसभर ती दबते, रात्री आडवे झाल्यावर पुन्हा पाणी शोषून फुगते. त्यामुळेच मनुष्य रात्रीपेक्षा सकाळी सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो. ज्या गादीला विसावा मिळत नाही, ती हळूहळू कोरडी पडते, वेष्टनाला चिरा जातात, आणि एखाद्या दिवशी आतला गर मागे सरकून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब देतो. बहुधा हे कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांत घडते, कारण वरचा सगळा भार तेथे येऊन पोहोचतो. यालाच सायटिका म्हणतात, वैद्य गृध्रसी म्हणतात.

हे सारे भाराने कसे होते हे कळण्यास शास्त्राची पदवी नको. तराजूची दांडी ज्याने पाहिली आहे त्याला ते सहज उमजेल. आपल्या गुदामातील जुना प्लॅटफॉर्म काटा आठवावा. त्यावर क्विंटलभर माल ठेवला तरी दुसऱ्या टोकाला टांगलेले वजन लहानसेच असते, कारण तेथे दांडी लांब आहे. आता कण्याला त्या दांडीची खुंटी समजा. मनुष्य वाकून हात पुढे करून जमिनीवरचे पोते उचलू लागला की पोते खुंटीपासून सुमारे चाळीस सेंटिमीटर पुढे असते. आणि त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू खुंटीच्या मागे अवघे पाच सेंटिमीटरवर. म्हणजे पुढची दांडी मागच्या दांडीच्या आठ पट. पन्नास किलोचे पोते असेल, तर स्नायूंना चारशे किलोचा ओढा द्यावा लागेल. कण्यावर तो चारशे अधिक पोत्याचे पन्नास, आणि शिवाय वाकलेल्या धडाचा स्वतःचा भार. पोते शंभर किलोचे असेल तर आकडा काय होईल, तो हिशेब आपल्यापैकी कोणाला शिकविण्याची गरज नाही.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. गादीतील दाब मोजण्याचे काम स्वीडनमधील नाकेमसन या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात सुरू केले. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका निरोगी पुरुषाच्या कमरेच्या गादीत बारीक दाबमापक बसवून त्याला निजविले, बसविले, उभे केले, ओझे उचलावयास लावले. उभे असतानाचा दाब एक धरला, तर निजल्यावर तो एक पंचमांश झाला. पाठ वाकवून केवळ वीस किलो वजन उचलताना तोच दाब साडेचार पटींवर गेला. तेच वीस किलो गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उचलले तेव्हा तो साडेतीन पटींच्या खाली राहिला. वीस किलो म्हणजे आपल्या हमालाच्या दृष्टीने पिशवी!

आपल्या हमालांची जुनी रीत या शास्त्राशी पुष्कळ जुळते, हे येथे सांगितले पाहिजे. दोघांनी पोते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यावयाचे, ही पद्धत कोणी शिकविली कोण जाणे, पण ती शहाणपणाची आहे. पोते पाठीला चिकटले की दांडी आखूड होते. धोका असतो तो तीन ठिकाणी: एकट्याने जमिनीवरून ओढून उचलताना, फळीवरून ट्रकमध्ये चढताना, आणि माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या थप्पीवर पोते फेकताना. तिसऱ्या प्रसंगी भार उचलणे आणि कंबर पिळणे या दोन्ही क्रिया एकदम होतात, आणि पिळलेल्या गादीचे वेष्टन लवकर फाटते.

डोक्यावरून वाहतूक करणाऱ्याची मानही झिजते. आमच्या दुकानी तीस वर्षे काम केलेला एक हमाल आहे. त्याच्या मानेच्या मागे, जेथे पोते टेकते तेथे, कातडीचा जाड गोळा झाला आहे. त्याला आता मान वर करता येत नाही. माडीवरून कोणी हाक मारली तर तो मागे सरकतो, सारे अंग कलते करतो आणि मग वर पाहतो. हातांना मुंग्या येतात, वहीवर सही करताना बोटे नीट वळत नाहीत. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले की मानेच्या मणक्यांना काटे फुटले आहेत. आफ्रिकेत डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेच्या दुखण्याला डॉक्टरांनी "हमालाची मान" असे नावच देऊन ठेवले आहे. १९६८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले होते.

पोत्याचे वजन ही काही ईश्वरदत्त गोष्ट नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत अडीच मणांचे पोते होते. बंगाली मणाने ते सुमारे त्र्याण्णव किलो भरते. १९५६च्या कायद्याने दशमान वजने आली आणि हिशेबाच्या सोयीसाठी त्याच पोत्याचा क्विंटल झाला. वजनमापे बदलली, वह्या बदलल्या; पाठ मात्र तीच राहिली, उलट तिच्यावर सहा-सात किलो वाढले! याविषयी त्या काळी कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही.

याच सुमाराची एक नोंद मी वाचली आणि मन मोठे अस्वस्थ झाले. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला व त्याअन्वये १९६५ साली केंद्र सरकारने ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. त्यांत पाठीवर किती भार लादावा याची मर्यादा आहे. उंटास २५० किलो, खेचरास २००, तट्टूस ७०, आणि गाढवास ५० किलो. म्हणजे १९६५ साली गाढवाच्या पाठीवर पन्नास किलोंहून अधिक लादणे हा अपराध ठरला. आणि त्याच वर्षी देशातील बाजारांत माणसाच्या पाठीवर क्विंटलचे पोते बिनदिक्कत चढत होते. आपला समाज जीवदयेसाठी झटतो, पांजरपोळ व गोशाळा चालवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या तक्त्यात माणसाचा रकाना नव्हता, हे आपल्याही ध्यानात आले नाही.

आणि खरे पाहता ते आपल्या ध्यानात सर्वांत आधी यावयास हवे होते. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात गणले आहेत, त्यांत बंध, वध, छेद यांच्या पाठोपाठ "अतिभारारोपण" येते. शक्तीबाहेर भार लादणे हा स्वतंत्र दोष म्हणून तेथे नोंदला आहे. प्रवचनांत याचा अर्थ बैल-घोड्यांच्या संदर्भात सांगितला जातो, आणि आपण निश्चिंत होतो, कारण आता आपल्याकडे बैलही नाही, घोडाही नाही. माझ्या अल्प मतीप्रमाणे हा शब्द धान्याच्या व्यापाऱ्याइतका दुसऱ्या कोणाला लागू पडत नसेल.

कायद्याने हा प्रश्न अगदीच सोडला होता असे नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने इजा होईल इतके जड ओझे कोणाकडून उचलून घेण्यास मनाई केली होती. १९६७ साली जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा शिफारशीत घातली. परंतु बाजारपेठ म्हणजे कारखाना नव्हे आणि जिनेव्हा तर फारच दूर. प्रत्यक्ष बाजारात हा प्रश्न आणला तो महाराष्ट्रातील दोन माणसांनी. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. नाना पेठेत दवाखाना चालविणाऱ्या या डॉक्टरांनी हमालांची दुखणी जवळून पाहिली होती. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. या चळवळींतून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याअन्वये मंडळे स्थापन झाली. व्यापारी मजुरी व तिच्यावरील आकारणी मंडळाकडे भरतो आणि मंडळ हमालास मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार इत्यादी देते.

तो कायदा राज्याच्या सीमेवर थांबतो. येथून रावेर किती लांब? आपण येथे भरलेला ट्रक भुसावळला, जळगावला रिकामा होतो. एकच पोते, चढविणाऱ्याचा कायदा निराळा, उतरविणाऱ्याचा निराळा. आपल्याकडे १९७२च्या मंडी कायद्याप्रमाणे हम्माल व तुलावटी यांना मंडी समितीचा परवाना मिळतो, आणि २००८ पासून मुख्यमंत्री मंडी हम्माल एवं तुलावटी सहायता योजना आहे. रेणुका मंडीत काम करणाऱ्या प्रत्येक हमालाचा परवाना चालू आहे की नाही हे पाहण्यास आपल्या दिवाणजीस अर्धा तास पुरे. परवाना नसेल तर योजनाही नाही, आणि पडल्या-झडल्यावर धावपळ करून काही उपयोग होत नाही.

पडणे-झडणे म्हटले की थप्पीवरून व फळीवरून होणारे अपघात डोळ्यांसमोर येतात. याविषयी काही गोष्टी प्रत्येक दुकानात ठाऊक असाव्यात.

उंचावरून पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजण्याचा आग्रह करू नये, आणि दोघांनी हातापायांना धरून रिक्षात कोंबू नये. मणका मोडला असला तरी आतील मज्जारज्जू पुष्कळदा त्या क्षणी शाबूत असतो; तो तुटतो आपल्या उचलाउचलीत. १०८ क्रमांकास कळवावे. गाडी येईपर्यंत डोके व मान हलू न देता तेथेच राहू द्यावे. हलविणे अगदी अपरिहार्य झाले तर चार-पाच माणसांनी एका वेळी, ओंडका फिरवावा तसे, सारे शरीर एका सरळ रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. ट्रक भरण्याची फळी प्रत्येक दुकानात असतेच.

हातापायाचे हाड मोडल्याची शंका असेल तर ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. आहे त्याच स्थितीत पुठ्ठा किंवा पट्टी बांधून आधार द्यावा, वरचा व खालचा सांधा दोन्ही स्थिर करावे. सूज येण्यापूर्वी अंगठ्या व कडी काढून घ्यावी. मुरगळलेल्या घोट्यास पहिल्या दोन दिवसांत गरम तेलाने रगडणे हा आपल्याकडील सार्वत्रिक उपचार. त्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, उंच ठेवलेला पाय आणि सैलसर बांधलेला पट्टा याने लवकर आराम पडतो.

हाडवैद्यांविषयी लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते, कारण त्यांतील काहींचे हात खरोखर कुशल असतात व गरिबाला ते परवडतात. परंतु बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्यामुळे बोटे काळीनिळी पडून हात गमावल्याची प्रकरणे अस्थिरोगतज्ज्ञांकडे नित्य येतात. पट्टी कोणीही बांधो, त्यानंतर बोटे थंड पडली, निळसर झाली, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे. येथे सकाळची वाट पाहणे म्हणजे हात गमावणे. प्लॅस्टरलाही हाच नियम.

साध्या पाठदुखीबाबत मात्र मी धीर देऊ इच्छितो. बहुतेक कंबरदुखी, अगदी सरकलेल्या गादीचीसुद्धा, काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून शमते. महिना-महिना अंथरुणावर पडून राहण्याची जुनी शिफारस आता कोणी करीत नाही. दोन-तीन दिवसांनंतर हळूहळू चालूफिरू लागणे हेच हितकर. तथापि काही लक्षणे अशी आहेत की त्यांत एक दिवसही दवडू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडून चप्पल सुटणे. तसेच पाठदुखी रात्री वाढते, सायंकाळी कणकण येते, वजन घटते, असे असेल तर मणक्याचा क्षय तर नाही ना, हे तपासून घ्यावे. हा रोग आपल्या देशात अजून आहे. वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो; उशीर झाला तर कुबड व पांगळेपणा येतो. हमालाची पाठदुखी "ओझ्याचीच" समजून मलम चोळीत बसण्यात हा क्षय लपून राहतो, हे मला एका डॉक्टरांनी आवर्जून सांगितले.

येथवर पोत्याखालच्या माणसाविषयी झाले. आता गादीवरच्या माणसाकडे, म्हणजे आपल्याकडे, येतो.

आपण ओझे उचलीत नाही, आपण बसतो. मांडी घालून, एका बाजूस लोडावर रेलून, सकाळी दहापासून रात्रीपर्यंत. पूर्वी मान वहीत असे, आता मोबाइलमध्ये भाव पाहण्यात असते. मणक्यांना दोन्ही सारखेच. सबंध दिवस हलले नाही तर गादीचे पोषण मंदावते हे वर सांगितलेच. अर्ध्या-पाऊण तासाने उठून दुकानाच्या ओट्यापर्यंत जाऊन यावे, नमुना पाहण्यास स्वतः गुदामात जावे. नोकराने आणून दाखविलेल्या मूठभर मालापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेला माल केव्हाही चांगला, हा त्यातला जोडलाभ.

बसण्याचा दुसरा परिणाम वजनावर, आणि वजनाचा गुडघ्यावर. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या अडीच पटींइतका भार येतो. जिना चढताना तीन पटींहून अधिक, आणि उतरताना सुमारे साडेतीन पट. चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला जड, हे पुष्कळांस ठाऊक नसते. शिखरजीची नऊ कोस नव्हे, पण सत्तावीस किलोमीटरची वंदना ज्यांनी केली आहे त्यांना विचारावे. पहाटे उत्साहाने चढलेली माणसे दुपारी उतरताना कठडा शोधतात. यात्रेस निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालण्याचा व मांडीचे स्नायू बळकट करण्याचा अभ्यास ठेवावा, हातात काठी घ्यावी. पाच किलो वजन उतरविले तर उतारावर प्रत्येक पावलामागे गुडघ्याचा सुमारे सतरा किलो भार कमी होतो. व्यापारात इतका नफा कोठे मिळत नाही. डोलीने जाणाऱ्यांनीही हा विचार करावा, कारण त्यांचे वजन शेवटी दोघा-चौघांच्या खांद्यावरच चढते.

गुडघा पूर्ण झिजला तर बदलता येतो, आणि या शस्त्रक्रियेची भीती आता पुष्कळ कमी झाली आहे. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात, एक २००० साली व दुसरा २००१ साली, बदलण्यात आले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे आपल्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी तर भारतीयांच्या बांध्यास साजेल असा स्वदेशी कृत्रिम गुडघा तयार केला; २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, याचा आपल्या समाजास अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे खर्चही आटोक्यात आला. परंतु बदललेल्या गुडघ्याने मांडी घालून गादीवर बसण्याची मुभा डॉक्टर सहसा देत नाहीत. मग खुर्ची आलीच. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी, गुडघे शाबूत असताना, पेढीवर खुर्ची घेतली. दोघा-तिघांनी थट्टा केली. त्यांपैकी एकाने परवा दुकानदाराचा पत्ता विचारला.

घरातील भगिनींविषयी चार शब्द लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. मासिक धर्म थांबल्यानंतर स्त्रीची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही. मग न्हाणीघरात पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडते. मनगट मोडले म्हणून प्लॅस्टर घालून सुटका झाली असे मानू नये. ती पुढल्या मोठ्या संकटाची पूर्वसूचना आहे, हाडांची घनता तपासून घ्यावी. पुढले संकट म्हणजे खुब्याचे हाड. म्हातारपणी खुबा मोडला की अंथरूण, अंथरुणाने छातीचा विकार, असा क्रम लागतो; म्हणून तेथे शस्त्रक्रिया करून शक्य तितक्या लवकर उभे करणे इष्ट. न्हाणीघरात एक लोखंडी दांडी, पायाखाली खरखरीत फरशी आणि रात्री एक लहान दिवा, एवढ्याने बरेच खुबे वाचतील.

आहारात आपण शाकाहारी असल्याने काही उणे पडते असे नाही. धान्याचा व्यापारी म्हणून सांगतो, गहू-ज्वारी-तांदळात चुना फारसा नाही. नाचणीत मात्र शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम आहे, आणि सालासकट तिळात त्याहून कितीतरी अधिक. दूध-दही आहेच. परंतु हा चुना हाडात रुजविण्यास ड जीवनसत्त्व लागते, ते अन्नात थोडे आणि उन्हात अधिक. आपल्या गल्ल्या अरुंद, घरे खोल, स्त्रिया दिवसभर आत. तापीकाठचे ऊन कडक असूनही ड कमी निघते. दोनप्रहरच्या सुमारास थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून गच्चीवर बसावे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व दिले तर औषधविक्रेत्यास एक गोष्ट अवश्य विचारावी: मऊ कुपीचे वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. तेच औषध पुडीत किंवा गोळीतही मिळते. आतील औषध बहुधा मेंढीच्या कातरलेल्या लोकरीच्या चरबीपासून करतात; तेही ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य प्रकार उपलब्ध आहे.

आता पुन्हा पोत्याकडे येतो, कारण वार्षिक सभेपुढे मला त्याविषयीच काही मांडावयाचे आहे.

सरकारी खरेदीचे बारदान आता पन्नास किलोचे झाले, आणि आपणही बहुतेक तेच वापरतो. तरी मका आणि हरभऱ्याचा हंगाम भरात आला की जुन्या मोठ्या बारदानात ठेचून भरलेली पोती पुन्हा दिसू लागतात. कोणी कितीही म्हणो, काट्यावर ती पन्नासची नसतात. कारण सांगितले जाते बारदानाचा व शिवणीचा खर्च. तो खर्च खरा आहे, मी नाकारीत नाही.

परंतु याहून मोठी अडचण दराची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. हमाली पोत्यामागे ठरते. समजा क्विंटलच्या पोत्यास दहा रुपये होते आणि पन्नासच्या पोत्यास आपण पाच ठरविले. तेवढ्याच मालासाठी हमालाच्या खेपा दुप्पट झाल्या, चालणे दुप्पट झाले, मजुरी तेवढीच राहिली. तो काय करणार? एकावर एक अशी दोन पोती पाठीवर घेणार. मंडीत कोणत्याही दिवशी सकाळी अकरा वाजता जाऊन पाहावे, तरुण पोरे हेच करताना दिसतील. पोत्याचे वजन निम्मे झाले आणि पाठीवरचे जसेच्या तसे राहिले. म्हणून पन्नासच्या पोत्याचा दर निम्म्याहून निश्चित अधिक असला पाहिजे, आणि त्याबरोबर एका वेळी एकच पोते ही अट असली पाहिजे. एकट्या दुकानदाराने हे केले तर त्याचा माल महाग पडतो. संघटनेने सर्वांसाठी एक दर ठरविला तर कोणाचेच नुकसान नाही.

दुसरे, ज्यांची वये पंचावन्नच्या पुढे गेली आहेत अशा हमालांना शिवणी, झाडणी, नमुने काढणे, काट्याजवळ उभे राहणे अशी कामे आधी द्यावीत. तिसरे, फळीची रुंदी दोन हातांहून कमी नसावी व तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असाव्यात. पावसाळ्यात ओल्या फळीवर पोते टाकून घसरण पुसली जावी. ज्यांच्या दुकानाचा ओटा उंच आहे त्यांनी ट्रक ओट्याला लावूनच भरावा, म्हणजे चढणच उरत नाही. ढकलगाडी व पट्ट्याचे यंत्र मोठ्या गुदामांना परवडण्याजोगे आहे. दोघा-तिघांनी मिळून घेतले तर लहानांनाही. थप्पी माणसाच्या खांद्याहून वर न्यावयाची असेल तेथे हे यंत्र असल्याशिवाय ती नेऊ नये.

अध्यक्ष महाशयांनी हमालीच्या दराचा विषय यंदाच्या विषयपत्रिकेत घ्यावा अशी माझी विनंती आहे. ठराव मांडण्यास मी तयार आहे. अनुमोदनासाठी दोन सदस्यांनी तोंडी होकार दिला आहे, आणखी कोणाची इच्छा असल्यास सभेपूर्वी दुकानी येऊन भेटावे. खुर्ची आहे.